पोट बिघडलं की डोकं का बिघडतं? अन्नाची ॲलर्जी आणि पोट-मेंदूचा संवाद, सोप्या भाषेत

आरोग्य विशेष

लग्नाची पंगत उठते. दहा मिनिटांत एखाद्याच्या अंगाला खाज सुटते, पोटात मुरडा येतो, मळमळतं. तो म्हणतो, "मला काहीतरी होतंय, जीव घाबरा होतोय." आजूबाजूचे म्हणतात, "ऊन लागलं असेल, लिंबूपाणी दे. उगाच घाबरतोय." आपल्याकडे ही दोन वाक्यं फार ऐकू येतात. पण त्या माणसाची भीती उगाच नसते. त्याच्या पोटाने मेंदूला धोक्याचा निरोप पाठवलेला असतो आणि तो निरोप वेळेत ओळखला तर जीव वाचतो.

अन्नाची ॲलर्जी म्हणजे नुसत्या अंगावरच्या गांध्या नाहीत. तिचा पोटाशी, पोटातल्या मज्जातंतूंशी आणि थेट मेंदूशी संबंध आहे. गेल्या काही वर्षांत यावर चांगलं संशोधन झालंय. ते काय सांगतं आणि घरात, शेतावर, शाळेत आपण काय लक्षात ठेवायचं, ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

- पोट आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते. ॲलर्जीत हे निरोप एकदम वाढतात.
- मळमळ, पोटदुखी, नकोसं वाटणं आणि जीव घाबरा होणं ही ॲलर्जीचीच लक्षणं असू शकतात.
- खाल्ल्यावर श्वास, आवाज किंवा शुद्ध यांवर परिणाम झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा.
- रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे ॲलर्जी आहेच, असं नाही.

आधी फरक समजून घ्या: बाधणं, न मानवणं आणि ॲलर्जी

"मला वांगं बाधतं", "त्याला दूध मानवत नाही", "हरभऱ्याची डाळ पचत नाही" असं आपण सहज बोलतो. पण यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे पचन. दुधातली साखर पचवणारा पाचक रस मोठेपणी अनेकांच्या शरीरात कमी होतो. मग दूध प्यायलं की गॅस, गुडगुड, जुलाब होतात. हा त्रास असतो, पण त्याने जीव जात नाही. अशा माणसाला दही किंवा ताक बऱ्याचदा चालतं, कारण विरजण लागताना ती साखर बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट म्हणजे विषबाधा. शिळं, नासलेलं अन्न खाल्लं की पंगतीतल्या अनेकांना एकदम त्रास होतो. ॲलर्जीत बाकी सगळे ठणठणीत असतात आणि त्रास एकट्यालाच होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे खरी ॲलर्जी. यात अन्न चांगलं असतं, पचनही चांगलं असतं, पण शरीराची रोगप्रतिकारक शक्ती त्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. इथे प्रमाणाला अर्थ राहत नाही. दूध न पचणाऱ्याला चहातलं चमचाभर दूध चालतं. दुधाची ॲलर्जी असलेल्याला तेवढंच महागात पडू शकतं, आणि त्याला दही-ताकही चालत नाही.

'ॲलर्जी' हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन डॉक्टरने 1906 मध्ये पहिल्यांदा वापरला. पुढे 1921 मध्ये एक धाडसी प्रयोग झाला. क्युस्टनर या डॉक्टरला मासे खाल्ले की त्रास व्हायचा. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ याने क्युस्टनरच्या रक्तातलं पाणी स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागेवर गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी घडवणारं काहीतरी रक्तातून दुसऱ्याच्या अंगात गेलं होतं. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई नावाचं प्रतिपिंड, हे 1960 च्या दशकात अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये झालेल्या संशोधनातून कळलं.

पोटाला स्वतःचं डोकं असतं

परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की पोटात कालवतं. ही नुसती बोलण्याची पद्धत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत 10 कोटींहून जास्त मज्जापेशींचं जाळं असतं. आतडं कधी आवळायचं, पाझर किती सोडायचा, घास पुढे कधी ढकलायचा, हे सगळं हे जाळं मेंदूला न विचारता ठरवू शकतं. म्हणून शास्त्रज्ञ पोटाला 'दुसरा मेंदू' म्हणतात.

हा दुसरा मेंदू आणि डोक्यातला मेंदू यांच्यात तीन वाटांनी बोलणं होतं.

एक, तार. व्हेगस नावाचा लांब मज्जातंतू मेंदूच्या बुडापासून छातीतून पोटापर्यंत जातो. यातले बहुतेक धागे, साधारण 80 टक्के, पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. म्हणजे मेंदू पोटाला हुकूम देतो त्यापेक्षा पोट मेंदूला जास्त कळवतं. शिवाय पोटदुखीचे निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूमधूनही वर जातात.

दोन, रक्त. आतड्यातल्या पेशी काही रसायनं रक्तात सोडतात. ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात.

तीन, शेजार. आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशी आणि मज्जातंतूंची टोकं अगदी एकमेकांना खेटून असतात. एकाने आवाज दिला की दुसऱ्याला लगेच ऐकू जातं.

यात सेरोटोनिन नावाचं रसायन महत्त्वाचं आहे. शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. ते तिथून थेट मेंदूत शिरत नाही, पण व्हेगसच्या टोकांना डिवचतं आणि मळमळीचा निरोप वर जातो. उलटी थांबवायला डॉक्टर ओंडान्सेट्रॉनची गोळी देतात, ती सेरोटोनिनचा हाच निरोप अडवते.

ॲलर्जीत नेमकं काय घडतं?

आतड्याच्या भिंतीत मास्ट पेशी नावाचे राखणदार असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 मध्ये त्यांना हे नाव दिलं. त्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून 'खाऊन पुष्ट झालेल्या' अशा अर्थाचं नाव पडलं. ते दाणे खाण्याचे नव्हते, दारूगोळ्याचे होते, हे नंतर कळलं. जंत आणि काही विषारी पदार्थ यांच्याशी लढणं हे या पेशींचं मूळ काम.

ॲलर्जी जडते तेव्हा शरीर एखाद्या अन्नाविरुद्ध, समजा शेंगदाण्याविरुद्ध, आयजीई प्रतिपिंडं तयार करतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या वेळी माणसाला काहीच कळत नाही. पुढच्या वेळी शेंगदाणा पोटात गेला की त्यातलं प्रथिन त्या प्रतिपिंडांना चिकटतं आणि काही मिनिटांत राखणदार सगळा दारूगोळा बाहेर टाकतात. त्यात हिस्टामिन, ल्युकोट्रायीन, ट्रिप्टेज अशी रसायनं असतात.

त्यांची धाव दोन्हीकडे असते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातून पाणी झिरपतं, म्हणून सूज आणि गांध्या येतात. आतड्याचे स्नायू आवळतात, म्हणून मुरडा, उलटी, जुलाब होतात. आणि शेजारच्या मज्जातंतूंच्या टोकांवर हीच रसायनं पडली की 'आत गडबड आहे' हा निरोप मेंदूकडे धावतो. मेंदू मग आपलं काम करतो: मळमळ आणतो, भूक मारतो, अस्वस्थ करतो, घाबरवतो.

उंदरांनी पाण्याची बाटली का सोडली?

हे सगळं मेंदूपर्यंत खरंच पोचतं का, हे तपासणारे दोन मोठे अभ्यास जुलै 2023 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या रुस्लान मेद्झितोव्ह यांच्या गटाचा आणि दुसरा जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राचा.

प्रयोग साधा होता. काही उंदरांना अंड्यातल्या प्रथिनाची ॲलर्जी जडवली. मग पिंजऱ्यात दोन बाटल्या लावल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत अंड्याचं प्रथिन मिसळलेलं. ॲलर्जी नसलेले उंीर प्रथिनाचं पाणी आवडीने प्यायले. ॲलर्जीवाल्या उंदरांनी ती बाटली लवकरच सोडून दिली.

मग शास्त्रज्ञांनी असे उंदीर घेतले ज्यांच्या अंगात आयजीई किंवा मास्ट पेशी नव्हत्या. त्यांनी बाटली टाळली नाही. याचा अर्थ सरळ आहे. 'हे पिऊ नको' हा निर्णय मेंदू घेत होता, पण खबर देणारे होते पोटातले राखणदार.

येलच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. ॲलर्जीचं अन्न पोटात गेलं की मेंदूच्या बुडातला, पोटाचे निरोप घेणारा भाग जागा होत होता. त्याच्यासोबत अमिग्डाला, म्हणजे भीती आणि नावड यांच्याशी संबंधित भागही जागा होत होता. निरोप नेणाऱ्यांमध्ये ल्युकोट्रायीन होतं आणि जीडीएफ-15 नावाचं एक संप्रेरकही होतं. हेच संप्रेरक गरोदरपणातल्या मळमळ-उलट्यांशी जोडलेलं आहे, असं 2023 च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या संशोधनात दिसलं. पोटुशी बाईला फोडणीचा वास नकोसा होतो आणि ॲलर्जीवाल्याला ठरावीक पदार्थ नकोसा होतो, या दोन्हींमागे एकच निरोप्या असू शकतो.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसाला ते जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण एक शहाणपण त्यातून मिळतं. शरीर नुसतं अन्नाशी भांडत नाही, ते आपल्याला त्या अन्नापासून लांब ठेवायचा प्रयत्न करतं. एखादं मूल एकच ठरावीक पदार्थ पाहिला की तोंड फिरवत असेल, "तोंडात खाजतं", "घशात टोचतं", "पोटात कसंतरी होतं" म्हणत असेल, तर लगेच "नाटकं करतो" म्हणून घास कोंबू नका. प्रत्येक नखरा ॲलर्जी नसते हे खरं. पण दर वेळी तोच पदार्थ आणि दर वेळी तीच तक्रार असेल तर डॉक्टरांना दाखवा.

जुलाब बरे झाले, पण पोट विसरलं नाही

गावात असे अनेक जण भेटतात. "दोन वर्षांपूर्वी हगवण लागली होती, तेव्हापासून पोट पहिल्यासारखं राहिलं नाही. काही खाल्लं की दुखतं. सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल." मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाच्या गटाने 2021 मध्ये या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं. त्यांनी उंदरांना आतड्याचा जंतुसंसर्ग दिला आणि त्याच काळात अंड्याचं प्रथिन खाऊ घातलं. संसर्ग बरा झाला. पुढे तेच प्रथिन पुन्हा दिल्यावर उंदरांचं पोट दुखू लागलं. ज्यांनी संसर्ग नसताना ते खाल्लं होतं, त्यांना काही झालं नाही.

चोर आला तेव्हा जो पाहुणा घरात होता, त्यालाही राखणदाराने चोरांच्या यादीत टाकलं, असा हा प्रकार. गंमत म्हणजे ही ॲलर्जी सगळ्या अंगात नव्हती, आतड्याच्या भिंतीपुरतीच होती. मास्ट पेशींतून निघालेल्या हिस्टामिनने तिथले वेदनेचे तंतू हळवे करून ठेवले होते. मग आतडं नेहमीसारखं हललं तरी मेंदूला 'दुखतंय' असा निरोप जात होता.

याच गटाने चिडक्या आतड्याचा त्रास असलेल्या, म्हणजे डॉक्टर ज्याला आयबीएस म्हणतात अशा, 12 रुग्णांच्या आतड्याच्या आतल्या भिंतीत गहू, ग्लुटेन, सोयाबीन आणि दूध यांचे अर्क टोचून पाहिले. बाराही जणांना कुठल्या ना कुठल्या अर्काने तिथे सूज आली. निरोगी 8 जणांपैकी दोघांनाच आली. अभ्यास लहान आहे, ही तपासणी आपल्या दवाखान्यात होत नाही, आणि प्रत्येक पोटदुखीचं कारण हेच असेल असंही नाही. पण "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुखणं खोटं" हे म्हणणं बरोबर नाही, एवढं यातून नक्की कळतं.

निरोप वरून खालीही येतो

मेंदूकडूनही पोटाला निरोप जातो. ताण आला की मेंदू जे संप्रेरक सोडतो, त्याने आतड्यातल्या मास्ट पेशी चाळवतात. लुव्हेनमध्येच 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करायला लावलं. ज्यांच्या अंगात तणावाचं संप्रेरक वाढलं, त्यांच्या लहान आतड्याची भिंत तेवढ्या वेळापुरती सैल झाली. मास्ट पेशींना शांत ठेवणारं औषध आधी दिलं, तर ती सैल झाली नाही.

म्हणजे कर्जाची चिंता, पावसाची वाट, घरातलं भांडण यांचा पोटावर परिणाम होतो, हे खोटं नाही. पण इथे एक चूक करू नका. ताणामुळे त्रास वाढू शकतो, म्हणून ॲलर्जी 'मनाची' ठरत नाही. ॲलर्जी नसलेल्याला नुसत्या काळजीने शेंगदाण्याची ॲलर्जी होत नाही. आणि असलेल्याने "मन घट्ट करून" शेंगदाणे खाल्ले तरी त्रास टळत नाही.

"मी आता वाचत नाही" असं कुणी म्हणालं तर

तीव्र ॲलर्जीला डॉक्टर ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. यात एक विचित्र लक्षण असतं आणि ते वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेलं आहे: आता काहीतरी भयंकर होणार, आपण मरणार, अशी अचानक दाटून येणारी भावना. काही वेळा ती रक्तदाब कोसळण्याच्या आधीच येते. शरीरात काय चाललंय, ते मेंदूला आपल्या डोळ्यांआधी कळलेलं असतं.

आपल्याकडे अशा वेळी दृष्ट काढली जाते, बाहेरची बाधा समजली जाते, किंवा "घाबरू नको, झोप जरा" म्हणून माणसाला एकटं खोलीत सोडलं जातं. यात जी मिनिटं जातात ती सगळ्यात मोलाची असतात. खाल्ल्यानंतर दोन तासांच्या आत, बहुतेकदा काही मिनिटांत, खालीलपैकी काही दिसलं तर तो धोका समजा:

- आवाज बसणं, घसा आवळणं, जीभ-ओठ सुजणं
- दम लागणं, छातीत घरघर
- चक्कर, अंग थंड आणि घामेजलेलं, शुद्ध हरपणं
- अंगभर गांध्या उठून त्यासोबत वारंवार उलट्या किंवा जोराची पोटदुखी
- लहान मूल एकदम मलूल होणं, निपचित पडणं

गांध्या प्रत्येक वेळी उठतातच असं नाही. "अंगावर काही नाही, म्हणजे ॲलर्जी नाही" असं समजू नका.

काय करायचं

1. 108 ला फोन करा. गाडी हाताशी असेल तर थेट जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या.
2. माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उभं करू नका, चालवत नेऊ नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेणं शक्यतो टाळा. एकदम उभं केल्याने रक्तदाब कोसळू शकतो.
3. दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य सांगा: "अमुक पदार्थ खाल्ला, इतक्या मिनिटांत त्रास सुरू झाला."
4. यावरचं मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. सेट्रिझिन किंवा तत्सम ॲलर्जीच्या गोळ्यांनी खाज कमी होते, पण श्वास आणि रक्तदाब सावरत नाही.
5. बरं वाटलं तरी लगेच घरी येऊ नका. काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. डॉक्टर सांगतील तितका वेळ थांबा.

आमसुलाचं पाणी अंगाला लावणं, घोंगडीने अंग घासणं हे साध्या पित्तावरचे जुने उपाय. वरची लक्षणं असतील तर त्यात वेळ घालवू नका. तोंडात बोटं घालून उलटी काढू नका आणि जबरदस्तीने काही पाजू नका.

आपल्या ताटातले कोणते पदार्थ?

दूध, अंडी, शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोड, मासे, कोळंबी-खेकडे, गहू, सोयाबीन आणि तीळ यांची ॲलर्जी जगभर दिसते. आपल्या देशात हरभऱ्याच्या आणि वांग्याच्या ॲलर्जीचीही नोंद झालेली आहे.

आपल्या स्वयंपाकात अडचण आहे ती लपलेल्या पदार्थांची. शेंगदाण्याचा कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत, आमटीत कुठेही असतो. बेसन भजी, पिठलं, लाडू, फरसाण सगळीकडे. जवळा-सोडे एखाद्या वांग्याच्या भाजीत घातलेले कळतही नाहीत. भंडारा, पंगत, हॉटेल इथे विचारल्याशिवाय खाऊ नका. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनाचे अंश राहू शकतात. रिफाइंड तेलात ते जवळपास नसतात. त्यामुळे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी घाण्याचं तेल टाळावं.

पाकीटबंद पदार्थांवर ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची माहिती देणं देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. ही माहिती बारीक अक्षरात असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचा.

आणखी एक दुर्मीळ प्रकार शेतकऱ्यांनी माहीत करून घ्यावा. काहींना नुसती चपाती खाऊन त्रास होत नाही आणि नुसतं काम करूनही होत नाही. पण गव्हाचं खाऊन लगेच कष्टाचं काम केलं की तीव्र ॲलर्जी होते. न्याहारीनंतर शेतात असा त्रास एकापेक्षा जास्त वेळा झाला असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

तपासणी: पैसे कुठे घालवायचे, कुठे नाही

सगळ्यात महत्त्वाची तपासणी फुकट आहे, ती म्हणजे वही. काय खाल्लं, किती वाजता, किती वेळात काय झालं, किती वेळ टिकलं, हे महिनाभर लिहा. डॉक्टर यावरून अर्धं निदान करतात. त्यानंतर गरज पडली तर त्वचेवर टोचून करायची तपासणी किंवा ठरावीक पदार्थाची आयजीई रक्ततपासणी.

पण रिपोर्ट वाचताना सावध राहा. कर्नाटकात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात साधारण चौघांपैकी एका प्रौढाच्या रक्तात कुठल्या तरी अन्नाविरुद्ध आयजीई सापडलं. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र शंभरात एखाद्यालाच होती. म्हणजे रक्तात खूण असणं आणि खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो पदार्थ तुम्ही रोज खाता आणि पचवता, तो केवळ कागदावर पॉझिटिव्ह आला म्हणून सोडू नका.

'एकूण आयजीई' वाढलेलं असेल तर गावाकडे आधी जंतांचा विचार करावा लागतो. पोटात जंत असले तरी हा आकडा चढतो. 'आयजीजी' नावाची तपासणी करून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देणारी महागडी पॅकेजेस विकली जातात, ती घेऊ नका. आयजीजी असणं म्हणजे ते अन्न तुम्ही खाल्लं आहे, इतकंच. जगातल्या प्रमुख ॲलर्जी तज्ज्ञ संघटनांनी या तपासणीवरून निदान करू नका, असं स्पष्ट सांगितलंय.

भीती ताटात वाढून घेऊ नका

एकदा मोठा त्रास झालेला माणूस पुढे जेवायलाच घाबरतो. मेंदूने धडा घेतलेला असतो. नुसत्या वासाने पोट आवळतं, तोंडाला पाणी सुटतं, मळमळतं. लहान मुलं डब्यातलं खात नाहीत. आई मुलाला नातेवाइकांकडे पाठवत नाही. शाळेत "याला शेंगदाणा दाखवा रे" म्हणून चिडवलं जातं. ॲलर्जी असलेल्या मुलांमध्ये आणि त्यांच्या आयांमध्ये काळजीचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

यावर उपाय आहेत. नेमकं निदान झालं की एक-दोन पदार्थ सोडून बाकी सगळं बिनधास्त खाता येतं. शाळेच्या मुख्याध्यापकांना, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आणि अंगणवाडीत एका कागदावर लिहून द्या: कोणता पदार्थ चालत नाही, त्रास कसा सुरू होतो, कुणाला फोन करायचा. गावातल्या आशाताईंनाही सांगून ठेवा. भीती फारच वाढली असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ॲलर्जीमुळे डोक्यावर कायमचा परिणाम होतो का?
नाही. त्रासाच्या वेळी भीती, अस्वस्थता, गळून गेल्यासारखं वाटणं होतं आणि ते ओसरतं. याने वेड लागत नाही.

मूल चिडचिड करतं, अभ्यासात लक्ष नाही. अन्नाची ॲलर्जी असेल का?
खाज, पोटदुखी, अपुरी झोप यांनी मूल चिडचिडं होऊ शकतं. पण नुसत्या चिडचिडीवरून ॲलर्जी ठरवून दूध, गहू, डाळी बंद करू नका. वाढत्या वयात त्याने कुपोषण होईल.

थोडं थोडं खाऊन सवय लावली तर?
घरी अजिबात नको. असे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ॲड्रेनालिन जवळ ठेवूनच होतात.

ॲलर्जी जाते का?
दूध आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची मोठी होताना जाते. शेंगदाणा, मासे, कोळंबी यांची बहुतेकदा टिकते. गेली की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

बाळाला शेंगदाणा उशिरा द्यावा का?
उलट आहे. लंडनमध्ये 640 बाळांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर पुढे ॲलर्जीचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी कमी झालं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की बारीक कूट पातळ करून खिमटीत मिसळून देता येतो. अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटी एवढंच

पोट बोलतं ते आपण ऐकायला शिकलं पाहिजे. रोजच्या गुडगुडीला घाबरून ताटातले पदार्थ कमी करायचे नाहीत. पण कुणी खाल्ल्यावर "जीव घाबरा होतोय" म्हणाला, तर त्याला गप्प बसवायचं नाही. काय खाल्लंस, कधी खाल्लंस, श्वास बरोबर येतोय का, हे तीन प्रश्न विचारायचे आणि गरज वाटली तर गाडी काढायची. दवाखान्यात जाऊन काही निघालं नाही तर एक फेरी वाया जाईल. थांबून राहिलो आणि काही निघालं, तर ती वेळ परत मिळणार नाही.

*(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. औषध किंवा पथ्य सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. लेख घरातल्या, बचत गटातल्या आणि शाळेच्या ग्रुपवर जरूर पाठवा.)*